एंजिनांतील टायमिंगचा लपंडावी दोष व त्याची पारख

सांप्रत आमच्या रावेतचें रूप पालटलें आहे. पवनेच्या बंधाऱ्याकांठचें हें गांव १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत आलें, आणि शेतें उणावून इमारती वाढल्या. तथापि ज्यांची थोडीबहुत जमीन राहिली आहे, त्यांचा भाजीपाला आतां मोटारीनेंच मोशीच्या अगर गुलटेकडीच्या बाजारांत जातो. मोटार पहांटे सुरू झाली नाहीं, तर तोडलेली मेथी-कोथिंबीर दुपारपर्यंत मातीमोल होते. म्हणून एंजिनाच्या एका फसव्या दोषाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा दोष कॅमशाफ्टच्या टायमिंगचा होय. पिस्टनांच्या गतीनें क्रँकशाफ्ट फिरतो, आणि झडपा उघडण्याचें काम कॅमशाफ्ट करितो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावयाचा, हें प्रमाण चार स्ट्रोकांच्या प्रत्येक एंजिनांत ठरलेलें आहे. विहिरीवरील डिझेल एंजिनांत हा मेळ बहुधा दांतेरी चाकांनीं राखिला जातो. मोटारींत तो बहुतकरून सांखळीनें अगर दांत्यांच्या पट्ट्यानें राखितात. शिवाय आधुनिक मोटारींत दोन्ही शाफ्टांजवळ सेन्सर असतात, व शाफ्ट कोठवर फिरले याची खबर ते एंजिनाच्या संगणकास देतात. क्रँकशाफ्ट मिनिटास ३००० फेरे घेत असतां कॅमशाफ्ट सेकंदास २५ फेरे घेतो. इतक्या घाईंत संदेश मधून मधून चुकूं लागला म्हणजे दिवा लागतो, एंजिन हिसके देतें अगर बंद पडतें, आणि थोड्या वेळानें कांहींच झालें नसल्यासारखें पुन्हां चालूं लागतें.

गॅरेजांत स्कॅनर लाविला म्हणजे एक अंक मिळतो. पी ०३४० म्हणजे कॅमशाफ्टच्या सेन्सरच्या विद्युत्-मंडलांत बिघाड. पी ०३४१ म्हणजे संदेश येतो, परंतु अपेक्षेप्रमाणें येत नाहीं. पी ००१६ म्हणजे दोन्ही शाफ्टांच्या खबरी परस्परांशीं जुळत नाहींत. येथेंच पुष्कळांची फसगत होते. अंक पाहून सेन्सर बदलतात, दोन आठवडे बरे जातात, आणि दिवा पुन्हां लागतो. आमचा जन्म महसुली दप्तरांत गेला. सातबाऱ्यावरील नोंद व जाग्यावरील वहिवाट यांत फरक निघाला, तर नोंद चुकली कीं बांध सरकला, हें मोजणीवांचून ठरत नाहीं. एंजिनाचेंही तसेंच आहे. सेन्सर व त्याच्या तारा ही नोंद. सांखळी व झडपा ही जमीन. दोहोंत फरक आहे, एवढेंच अंक सांगतो. फरक कोणत्या बाजूचा, हें शोधणें म्हणजेच निदान.

निदानाची पहिली पायरी वहीची आहे. दोष केव्हां उद्भवला, एंजिन थंड होतें कीं तापलेलें, रस्ता खडबडीत होता काय, पाऊस होता काय, ऑइल शेवटीं केव्हां बदललें, हें दर वेळीं तारखेसह टिपावें. संगणकही दोषाच्या क्षणींचे फेरे, तापमान इत्यादि टिपून ठेवितो. अंक पुसला म्हणजे तें टिपणही पुसलें जातें. याकरितां आधीं सर्व उतरून घ्यावें, मग पुसावें.

या नोंदींवरून दिशा कळते. तापल्यावर एंजिन सुरू होत नाहीं व निवल्यावर सुरू होतें, तर सेन्सरचाच संशय प्रथम घ्यावा. खड्ड्यांत दिवा लागतो, तर तार अगर तिचा जोड सैल असावा. थंड एंजिन सुरू करितांना कांहीं सेकंद खडखडाट ऐकूं येतो, तर सांखळी ताणून धरणारा टेन्शनर निकामी होत आहे अगर सांखळीच लांबली आहे, असा संशय घ्यावा. कित्येक एंजिनांत झडपांची वेळ ऑइलच्या दाबानें मागेंपुढें करितात. तेथें कमी, मळकें अगर चुकीच्या जातीचें ऑइल हेंच दोषाचें मूळ ठरूं शकतें.

तपासणी स्वस्ताकडून महागाकडे न्यावी. प्रथम ऑइलची पट्टी व बॅटरीचे जोड पाहावे, नंतर सेन्सरच्या तारा. गोठ्याजवळ अगर धान्याच्या खोलीशेजारीं उभ्या राहणाऱ्या मोटारींच्या तारा उंदीर कुरतडतात, आणि पंपाच्या नळीनें एंजिन धुतल्यास जोडांत पाणी शिरून पिना हिरव्या पडतात. शेतकऱ्याच्या मोटारींत या दोन गोष्टी विशेषेंकरून पाहाव्या. एंजिन चालूं असतां, फिरत्या पट्ट्यापासून हात दूर राखून, मेस्त्रीनें तार जपून हालवावी व स्कॅनरवर नजर ठेवावी. तार हालतांच संदेश तुटला, तर चोर सांपडला. न सांपडल्यास दोन्ही सेन्सरांच्या लहरी ऑसिलोस्कोपवर एकाखालीं एक पाहाव्या. लहर मधूनच नाहींशी होते, तर दोष बहुधा नोंदीचा. लहर अखंड आहे, परंतु दुसरीच्या मानानें जागा सोडून आहे, तर जमिनीची मोजणी करावी. म्हणजे झांकण काढून, बंद एंजिन हातानें त्याच्या नेहमींच्या दिशेस दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा जुळतात कीं नाहीं तें पाहावें. ४० दांत्यांच्या कॅमचाकावर सांखळी एक दांता सरकली, तर कॅमशाफ्ट ९ अंशांनीं, म्हणजे क्रँकशाफ्टच्या १८ अंशांनीं, चुकतो. मात्र सरकलेला दांता आपोआप जागेवर येत नाहीं. म्हणून जो दोष येतो व जातो, त्याचें मूळ तार, सेन्सर, ऑइल अगर सांखळीचा ढिला ताण यांतच आधीं शोधावें.

एका गोष्टींत मात्र चालढकल करूं नये. पुष्कळ एंजिनांत उघडी झडप व वर आलेला पिस्टन यांची जागा एकच असते. केवळ टायमिंगमुळें त्यांची गांठ पडत नाहीं. तेथें सांखळी अगर पट्टा निसटला, तर झडपा वांकतात व एंजिनाचा माथा उतरवावा लागतो. खडखडाट थांबत नसेल, तर मोटार चालवीत नेऊं नये, ओढून न्यावी. पट्टा असेल तर तो कारखानदारानें सांगितलेल्या मुदतींत बदलावा, मग तो दिसावयास कितीही धडधाकट असो.

शेतकरीबंधूंस आमची विनंती इतकीच कीं, मेस्त्रीनें कोणताही भाग बदलण्याचें सांगितलें, तर तो दोषी असल्याचें कोणत्या चांचणीनें ठरलें, हें आधीं विचारावें व तें उत्तर आपल्या वहींत लिहून घ्यावें.