नाताळचं शाकाहारी जेवण : ऑर्डर घेण्याआधी

ताईंनो, 25 डिसेंबरच्या जेवणाची ऑर्डर घेताना "थोडं शाकाहारीही करा" असं सांगतात. तेव्हा नुसतं मटण-मासळी वगळून भागत नाही. अंडं कशात आहे, ते आधी बघायचं.

गोव्याची बेबिंका अंड्याच्या बलकाशिवाय होत नाही. तिच्याऐवजी दोदोल करा. त्याला तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि काळा गूळ लागतो. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. चणाडाळ-खोबऱ्याचं दोसही चालतं. कुलकुलांच्या पिठात काही घरी अंडं घालतात. आपण नारळाच्या दुधात पीठ मळायचं.

जेवणात मशरूमची शागुती, मोठ्या चवळीचं तोंडाक आणि भाज्यांचा पुलाव ठेवा. पुलावात चिकनचा मसाला क्यूब टाकू नका. जेलीतलं जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, म्हणून चायना ग्रास वापरा. मासळी तळलेलं तेल नेवऱ्यांना नको, कढईही वेगळी घ्या.

पाकिटं विकणार असाल तर लक्षात ठेवा, अंडं घातलेल्या पदार्थावर हिरवी खूण लावता येत नाही.

जेवणारा आपल्या शब्दावर विश्वास ठेवून घास घेतो. तो विश्वास गेला, की गटाची पुढची ऑर्डरही गेली.