पारा ३३ अंशांवर असला, तरी घरातील ज्येष्ठांना जपा

मार्च २०२३ मध्ये गोव्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळाला आणि ९ व १० मार्च रोजी शाळा दुपारी बारापूर्वी सोडण्याचा आदेश सरकारने काढला. मुले वेळेत घरी परतली. मात्र ज्या घरांत ती परतली, तेथील आजी-आजोबांसाठी असा आदेश कधी निघत नाही. ते घरातच असतात, म्हणजे सुरक्षित असतात, असे आपण गृहीत धरतो. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्सने या समजुतीची जबर किंमत मोजली. तेथे उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा सुमारे १५ हजार अधिक माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते आणि अनेकांना मृत्यूने स्वतःच्या घरातच गाठले. सुटीचा महिना असल्याने कित्येकांचे नातेवाईक बाहेरगावी होते.

मुरगावसारख्या किनारी तालुक्याला हा धडा वेगळ्या रीतीने लागू पडतो. हवामान खात्याच्या निकषानुसार किनारी भागात कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक झाल्यावरच उष्णतेची लाट मानली जाते. एप्रिल-मेमध्ये पारा बहुधा त्याच्या खालीच राहतो. परंतु ३३ अंश तापमानाला ७० टक्के आर्द्रतेची जोड मिळाली, की शरीराला ते सुमारे ४३ अंशांसारखे जाणवते. हवेत आधीच बाष्प असल्याने घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याखेरीज अंग निवत नाही. त्यात समुद्रामुळे रात्रीही फारशा थंड होत नाहीत. दिवसभर शिणलेल्या शरीराला सावरण्यासाठी जी उसंत हवी, तीच मिळत नाही.

वय झाले की काय बदलते?

उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो आणि त्वचेकडे अधिक रक्त पोहोचवताना हृदयावर ताण पडतो. रक्तदाबावरील काही औषधे, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, तसेच मानसिक विकारांवरील काही औषधे यांमुळे शरीराची उष्णता सहन करण्याची क्षमता आणखी घटते. म्हणून उन्हाळा सुरू होतानाच डॉक्टरांना औषधांची यादी दाखवावी. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. इन्सुलिन उष्णतेने निकामी होते, ते थंड जागीच ठेवावे.

खोली कशी असावी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार खोलीचे तापमान दिवसा ३२ आणि रात्री २४ अंशांखाली असावे. रात्रीची ही मर्यादा आपल्याकडे उन्हाळ्यात पंख्याने गाठता येत नाही. म्हणूनच खोलीची निवड महत्त्वाची ठरते. वास्को, बायणा, सडा या भागांतील इमारतींत सर्वांत वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री खोलीत सोडतो. शक्य असल्यास ज्येष्ठांचे अंथरूण खालच्या मजल्यावर किंवा पश्चिमेची भिंत नसलेल्या खोलीत हलवावे. दुपारी ऊन येणाऱ्या खिडक्यांवर बाहेरून आडोसा करावा. सूर्य मावळल्यावर सर्व खिडक्या उघडाव्यात. चोरांच्या आणि डासांच्या भीतीने अनेक वृद्ध खिडक्या बंद करून झोपतात. त्यावर गज आणि जाळी हाच उपाय आहे.

पंखा हवा थंड करीत नाही, तो केवळ घाम वाळवतो. वृद्धांना घामच कमी येत असल्याने नुसता पंखा पुरत नाही. मान, हात व पाय ओल्या फडक्याने पुसून मग पंख्याखाली बसवल्यास चांगला उतार पडतो. वातानुकूलन यंत्र असल्यास २६-२७ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. विजेच्या बिलाच्या चिंतेने ते बंद ठेवणाऱ्या आई-वडिलांशी मुलांनी आधीच बोलून घ्यावे.

पाण्याबाबत "तहान लागली तर घ्या" असे सांगून भागत नाही. दर तासाला थोडे पाणी हातात द्यावे. पेज, ताक, आमसुलाचे सरबत हे आपल्याकडील उत्तम पर्याय आहेत. मात्र मधुमेहींना साखर, रक्तदाब असलेल्यांना मीठ आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना शहाळे त्रासदायक ठरू शकते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचे प्रमाणही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

धोक्याची खूण

घरात बसलेल्या वृद्धाला उष्माघात अचानक होतोच असे नाही; तो दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढतो. जेवण नकोसे होणे, गडद रंगाची व कमी लघवी, चालताना तोल जाणे, नेहमीपेक्षा जास्त झोप ही सुरुवातीची लक्षणे होत. "वयामुळे होते" म्हणून ती सोडून देऊ नयेत. बोलणे असंबद्ध झाले, अंग तापून कोरडे पडले किंवा शुद्ध हरपली, तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत रुग्णाला सावलीत झोपवून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा. मान, काखा व जांघांत ओली फडकी ठेवावीत. शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी उष्माघातावर चालत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्यातील ११.२ टक्के लोक साठीपुढचे होते. देशात हे प्रमाण ८.६ टक्के होते. मुले आखातात, युरोपात किंवा जहाजावर आणि आई-वडील फ्लॅटमध्ये एकटे, हे चित्र मुरगावात घरोघरी दिसते. अशा ज्येष्ठांची कडक उन्हाळ्यात दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी चारच्या सुमारास, विचारपूस व्हायला हवी. परदेशातील मुलाने फोन करताना "बरे आहात ना?" एवढेच विचारू नये, त्याला "बरे आहे" हेच उत्तर मिळते. सकाळपासून किती पेले पाणी घेतले, जेवलात का, पंखा चालू आहे का, हे विचारावे आणि आवाज जड वाटल्यास शेजाऱ्याला दार ठोठावायला सांगावे. त्यासाठी त्या शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक आणि घराची जादा किल्ली कोणाकडे आहे, हे आजच ठरवून ठेवलेले बरे.