बर्फ एकीकडे, पाइप फुटतो दुसरीकडे

२९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. शेकोट्या पेटल्या, आठवडाभर चर्चा झाली, पण नळ चालूच होते. पाइप गोठणं हा आपल्याकडचा प्रश्नच नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो माझ्या डॅलसच्या मावसबहिणीचा झाला. १६ तारखेला तिकडे उणे १९ सेल्सियस होतं, त्यात वीज गेलेली. बर्फ झाला माळ्यावरच्या पाइपात आणि पाइप फुटला खाली, स्वयंपाकघराच्या भिंतीत. "असं कसं?" तिने मला विचारलं. पीएचडी करतो ना मी!

तुम्ही काय सांगितलं असतं? बर्फ होताना पाण्याचं आकारमान साधारण ९ टक्के वाढतं, बर्फ पाइपला आतून रेटतो, पाइप फुटतो. मीही हेच सांगितलं. पण मग तो माळ्यावरच फुटायला हवा होता.

१९९० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या बिल्डिंग रिसर्च कौन्सिलने पाइप मुद्दाम गोठवून बघितले. बर्फाचं बूच तयार होतं आणि ते पाइपच्या लांबीच्या दिशेने वाढत जातं. बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडतं. पाणी जवळपास दबत नाही, त्यामुळे दाब भयंकर चढतो आणि जिथे पाइप कमजोर, तिथे तो उकलतो. त्या जागी बर्फ असायलाच हवा असं नाही.

आता गंमत बघा. "थंडीत नळ थेंब थेंब चालू ठेवा" हा सल्ला दोन्ही स्पष्टीकरणांत बसतो. लोकांना वाटतं, वाहतं पाणी गोठत नाही म्हणून. खरं काम होतं दाब मोकळा होण्याचं. मध्ये बर्फ धरला तरी पाइप वाचू शकतो. फरक कुठे पडतो? कोणता नळ, यावर! माळ्यावरच्या त्या पाइपाच्या पुढचाच नळ उघडा हवा. ताईने बाथरूमचा उघडा ठेवला होता, स्वयंपाकघरातला बंद. दोन स्पष्टीकरणं एकच सल्ला देत असतील, तर ती कुठे वेगळं सांगतात ते आधी शोधा. सिनॉप्सिस लिहिताना मला हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आगीसाठीच्या स्प्रिंकलरला ही युक्ती चालत नाही. त्याचं तोंड आग लागेपर्यंत बंदच असतं, म्हणजे तो कायमचा बंद नळ. म्हणून पाणी भरलेले स्प्रिंकलर पाइप निदान ४ अंश टिकतील अशाच जागी घालतात. त्याहून थंड जागी पाइपात दाबाखालची हवा ठेवतात. तोंड उघडलं की हवा निघून जाते आणि मागून पाणी येतं.

ताई आता थंडीचा इशारा आला की स्वयंपाकघरातले गरम-थंड दोन्ही नळ किंचित सोडून झोपते.