विश्लेषण : डाव्या कानात एक चौकडी, उजव्या कानात दुसरी... ‘फ्री जॅझ’ हा अल्बम नेमका ऐकायचा कसा?

आठ वादक, दोन ड्रमसेट, दोन डबल बेस आणि सुमारे ३७ मिनिटांचे सलग वादन. अमेरिकी सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांनी २१ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कच्या ए अँड आर स्टुडिओत ‘फ्री जॅझ’ ध्वनिमुद्रित केला. त्याला गोंगाट म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण या गोंगाटाला नियम आहेत. ते ओळखायला संगीताचे शिक्षण लागत नाही, साधा हेडफोन पुरतो.

‘फ्री’ म्हणजे कशापासून मुक्त?

तोवरच्या जॅझमध्ये साधारणपणे आधी मूळ चाल वाजते. मग तिच्या कॉर्डची ठरलेली मालिका पुन्हा पुन्हा फिरते आणि त्या चौकटीत एकेक वादक आपली कल्पना मांडतो. टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे १९३० मध्ये जन्मलेल्या कोलमन यांनी ही चौकटच बाजूला ठेवली. सुरावट जिकडे नेईल तिकडे जायचे आणि साथीदारांनी कान देऊन सोबत राहायचे, ही त्यांची पद्धत.

दोन कानांत दोन चौकडी कशा?

स्टिरिओ एलपी बाजारात येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. कोलमन यांनी या तंत्राचा पुरेपूर वापर केला. डाव्या बाजूला ते स्वतः, ट्रम्पेटवर डॉन चेरी, बेसवर स्कॉट लफारो आणि ड्रमवर बिली हिगिन्स. उजव्या बाजूला बास क्लॅरिनेटवर एरिक डॉल्फी, ट्रम्पेटवर फ्रेडी हबर्ड, बेसवर चार्ली हेडन आणि ड्रमवर एड ब्लॅकवेल.

मग नियम कोणते?

मधूनमधून सगळे फुंकवाद्यवादक एकत्र येऊन आधी ठरवलेला छोटा तुकडा वाजवतात. ही पाळी बदलल्याची खूण. त्यानंतर एक जण पुढे येतो. मात्र बाकीचे गप्प बसत नाहीत. त्याचे बोलणे ऐकून मध्येच हुंकार देतात, दुजोरा देतात, कधी वादही घालतात. फुंकवाद्यांनंतर बेस आणि ड्रमची पाळी येते. त्याच दिवशी केलेले सुमारे १७ मिनिटांचे पहिले वादन १९७१ मध्ये ‘ट्विन्स’ या अल्बममधून बाहेर आले. तेही याच आराखड्यावर उभे आहे. म्हणजे आराखडा ठरलेला होता, सूर मात्र ऐनवेळचे.

जोखीम काय होती?

३७ मिनिटांचे हे वादन एकाच टेकमध्ये झाले. कुठे जोडकाम नाही. कॉर्डचा आधार नसताना एखाद्याचे लक्ष उडाले असते, तर सावरून घ्यायला शेजारच्याच्या कानाखेरीज काहीच नव्हते. आठ जणांना मोकळीक मिळाली, तशी एकमेकांना ऐकण्याची जबाबदारीही वाढली.

स्वागत कसे झाले?

अटलांटिक रेकॉर्ड्सने १९६१ मध्ये अल्बम काढला. मुखपृष्ठावर जॅक्सन पोलॉक यांचे ‘व्हाइट लाइट’ हे चित्र होते. ‘डाउनबीट’ या अमेरिकी मासिकाने १९६२ मध्ये त्याची दोन परीक्षणे छापली. एकाने पाच तारे दिले, दुसऱ्याने एकही नाही! पुढे अल्बमचे नावच एका संगीतप्रवाहाचे नाव झाले. कोलमन यांना २००७ मध्ये ‘साउंड ग्रामर’साठी पुलित्झर पुरस्कार मिळाला. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज कसा ऐकावा?

एलपीवर हे वादन मध्येच थांबवून तबकडी उलटावी लागे. आता मोबाइलवर ते सलग मिळते. फोनच्या स्पीकरवर मात्र डावी-उजवी विभागणी जवळजवळ हरवते, म्हणून हेडफोन हवाच. पहिली पाच मिनिटे फक्त डावा कान, पुढची पाच फक्त उजवा. मग दोन्ही लावा. मघाशी गोंगाट वाटलेल्या आवाजात कोण कोणाला उत्तर देत आहे, हे हळूहळू ऐकू येऊ लागते.