नानीच्या गाण्याचे तिसरे कडवे

मे महिन्याच्या सुट्टीत आजोळच्या घराची कौले परतायला माणसे आली. त्यासाठी माळ्यावरचे सामान खाली काढावे लागले आणि पत्र्याच्या पेटीत, जुन्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, एक कॅसेट सापडली. वर खालाच्या अक्षरात उर्दूत ‘शादी, मई 1990’ एवढेच लिहिलेले. टेपच्या कडेला पांढरी बुरशी आली होती. कोकणातले पस्तीस पावसाळे काढलेल्या वस्तूकडून याहून बरी अपेक्षा नव्हतीच.

कॅसेटवर काय आहे हे आम्हाला ठाऊक होते. काय नाही तेही ठाऊक होते, पण ते घरात कधी कोणाला सांगितले नव्हते.

त्या वर्षी मामू कुवेतहून खालाच्या लग्नाला आले ते टू-इन-वन घेऊन. मेहंदीच्या रात्री बायका माजघरात बसल्या होत्या. लाइट गेलेली, कंदील लावलेला. मामूंनी सेल घातले, लाल बटण दाबले आणि नानीपुढे तो डबा ठेवला. नानी आधी लाजली, मग गायली. चाल गावातल्या लग्नाच्या गाण्यांचीच, पण शब्द तिने स्वतः जुळवलेले, आपल्या कोकणी मुसलमानी बोलीत. पहिल्या कडव्यात विहिरीवरची पायवाट, दुसऱ्यात आंब्याची अढी आणि लेकीने चोरून खाल्लेला पहिला आंबा, तिसऱ्यात लेकीच्या सासूला चार शब्द. नानीला लिहिता येत नव्हते. हे गाणे तिने पुन्हा कधी पूर्ण म्हटले नाही.

मामू जूनमध्ये कुवेतला परतले आणि 2 ऑगस्टला इराकचे सैन्य तिथे घुसले. पावणेदोन लाखांच्या आसपास हिंदी लोक अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले, त्यांत एक आमचे मामू. हातात एक पिशवी होती. पुढे बरीच वर्षे तो टू-इन-वन हीच त्यांची कुवेतची कमाई, असे ते स्वतःच हसत सांगत. नानी 1998 मध्ये अल्लाहला प्यारी झाली.

आता कबुली. 2003 मध्ये आम्ही बी.एड. करत होतो. सराव पाठाआधी स्वतःचा आवाज ऐकून बघा, असे मार्गदर्शकांनी सांगितलेले. कोरी कॅसेट घरात नव्हती. कॅसेटच्या पाठीवरचे दोन छोटे चौकोन मोडले की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. मामूंनी ते लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मोडून ठेवले होते. आम्ही तिथे सेलोटेप चिकटवली. दुसरी बाजू लावली आहे अशी समजूत होती, ती चुकीची निघाली. या लेखात ‘आम्ही’ लिहितो आहोत म्हणून घरातल्या सगळ्यांनी मिळून हे केले असे कोणी समजू नये. ते काम आमच्या एकट्याचे. लक्षात आल्यावर कॅसेट पेटीच्या तळाशी ठेवून दिली आणि बावीस वर्षे तिचा विषय निघाला की आम्ही दुसरे काहीतरी बोलत राहिलो.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने कॅसेटचे पाच स्क्रू काढले, बुरशी मऊ फडक्याने अलगद पुसली, टेपला दाबून धरणारा निघालेला गादीचा तुकडा बघून सगळी रिळे दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या कवचात बसवली. ही टेप चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पळते. फिलिप्स कंपनीने 1963 मध्ये ती आणली तेव्हा बोललेले टिपून घेण्यापुरतीच तिची कल्पना होती, गाणी नंतर आली. टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटने साफ केले, वायर लॅपटॉपला जोडली आणि ऑडॅसिटी नावाच्या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आवाज भरून घेतला. खरखर काढली. हौसेने जरा जास्तच काढली, तेव्हा नानी पाण्याखालून गाते आहे असे वाटू लागले.

अम्मीला बोलावून ऐकवले. ती दोन ओळी ऐकून म्हणाली, “ही माझी आई नव्हे. तिचा आवाज जाड होता. ही कोण पोरगी?”

भाचा गोंधळला. उत्तर मामूंनी दिले. त्या रात्री सेल उतरलेले होते. सेल उतरले की मोटर हळू फिरते आणि हळू भरलेली टेप पुढे नीट वेगाने वाजवली की आवाज भराभर आणि बारीक येतो. पण किती हळू, हे पस्तीस वर्षांनी कसे कळावे? पुन्हा मूळ, साफ न केलेले रेकॉर्डिंग लावले, तेव्हा नानीच्या मागे टिक-टिक ऐकू आली. माजघरातले सेलवरचे भिंतीचे घड्याळ! भाच्याने आधी कचरा समजून तेच पुसून टाकले होते. बोटांवर मोजले तर मिनिटाला चौसष्ट ठोके. घड्याळ साठच देणार, म्हणजे चार जास्त. वेग तेवढा उतरवला आणि सूर साधारण अर्ध्या स्वराने खाली आला. अम्मी मग काही बोलली नाही. ओढणीचे टोक हातात धरून बसली. पहिले कडवे झाले, दुसरे झाले, तिसऱ्याची अर्धी ओळ झाली, एक खट्ट असा आवाज आला आणि माजघरात आमचाच कोवळा, घाबरलेला आवाज घुमला, “मुलांनो, आज आपण नामाचे प्रकार पाहणार आहोत.”

सगळे आमच्याकडे बघू लागले. वर्गात चाळीस पोरांच्या नजरा रोज झेलतो, पण त्या चार-पाच जणांच्या नजरा झेलणे अवघड गेले.

थोड्या वेळाने भाचा म्हणाला, “मामूजान, टेन्शन घेऊ नका. नानीजींचा सहा-सात मिनिटांचा आवाज आहे आपल्याकडे. एआयला देतो. तिसरे कडवे त्यांच्याच आवाजात गाऊन घेतो. बीटल्सनी नाही का केले?”

बीटल्सनी काय केले ते आम्ही नंतर नीट वाचून काढले, कारण ही गोष्ट बहुतेक जण चुकीची सांगतात. जॉन लेननने न्यूयॉर्कच्या आपल्या घरी, 1977 च्या सुमारास, पियानोवर ‘नाऊ अँड देन’ नावाचे गाणे साध्या कॅसेटवर भरून ठेवले. 1980 च्या डिसेंबरात त्याचा खून झाला. 1994 मध्ये त्याच्या पत्नीने, योको ओनोने, अशा काही टेप पॉल मॅकार्टनीकडे दिल्या. राहिलेल्या तिघांनी त्यातली दोन गाणी पूर्ण केली. हे मात्र सोडून दिले, कारण टेपवर घरघर होती आणि पियानो आवाजावर चढत होता. 2001 मध्ये जॉर्ज हॅरिसनही गेला. पुढे पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाने बीटल्सवर माहितीपट केला, त्याच्या माणसांनी एकत्र मिसळलेले आवाज वेगळे करणारा संगणक प्रोग्रॅम तयार केला, आणि त्याने लेननचा गळा पियानोतून सोडवला. जॉर्जने 1995 मध्ये वाजवलेली गिटार जपून ठेवलेली होती. पॉल आणि रिंगो यांनी आपले नवे वादन-गायन जोडले आणि 2 नोव्हेंबर 2023 ला गाणे बाहेर आले. म्हणजे लेननचा आवाज कोणी बनवला नाही. तो टेपवर होताच, झाकलेला होता. लेननच्या मूळ गाण्यातला एक भाग मात्र त्यांनी वगळला आणि त्यावरून चाहते अजून भांडतात. आम्हाला तर त्या भांडणात वगळणाऱ्यांची बाजू पटत नाही. पण पॉल त्याचा मित्र होता, आम्ही कोण?

आमची गोष्ट वेगळी. टेपरेकॉर्डरमध्ये भरणाऱ्या हेडच्या आधी पुसणारे हेड असते. ‘नामाचे प्रकार’च्या खाली नानी दबलेली नाही, तिथे ती उरलेलीच नाही. भाचा म्हणत होता ते दुसऱ्या जातीचे काम. तेही आपल्याकडे झाले आहे. ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटासाठी शाहुल हमीद आणि बंबा बाक्या या दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने तयार करून घेतले. घरच्यांची परवानगी घेऊन आणि त्यांना मानधन देऊन. त्यात गैर काही दिसत नाही. अम्मीलाही पटले. ती म्हणाली, “करा. शब्द खालाच्या वहीत आहेत.”

वही आली आणि घोळ सुरू झाला. खालाने लग्नानंतर आठवून आठवून गाणे उतरवले होते, बोली कोकणी आणि लिपी उर्दू. उर्दूचे मास्तर म्हणून वाचायला आम्हीच बसलो. तिसऱ्या कडव्यात सीन, वाव, नून. आता हा वाव ‘ऊ’ही होतो आणि ‘ओ’ही. ‘सून’ वाचा की ‘सोन’! नानी सासूला काय म्हणते आहे, की ही तुझी सून तुझ्या हाती देते, की हे माझे सोने तुझ्या हाती देते?

अम्मी म्हणाली, “सोन. मी शेजारी बसले होते.” खाला फोनवरून म्हणाली, “सून. लग्न माझे होते.” आणि लिहिलेस काय, असे विचारल्यावर, “जे ती म्हणाली तेच लिहिले.” साठी ओलांडलेल्या दोघी बहिणी चार दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. भाच्याने विचारले, एआयला कोणता शब्द देऊ? तो सांगू तोच शब्द नानीच्या गळ्यातून गाऊन दाखवणार होता, आणि ज्या बहिणीचा शब्द ती गाईल त्या बहिणीची जीत. मग अम्मीच म्हणाली, “नको. आईला आमच्या भांडणात साक्षीला उभी करू नका.”

आठवड्याने खाला एसटीने आली. रात्री पंखा बंद केला, भिंतीवरचे घड्याळ मात्र चालू ठेवले, आणि फोन नानीच्या पाटावर ठेवला. दोघी सोबत गायल्या. खालाचा दम लागत होता, अम्मीचा सूर खाली जात होता. त्या शब्दावर एकीने ‘सोन’ म्हटले, दुसरीने ‘सून’. भाचा म्हणाला, अजून एकदा घेऊ या. खाला उठलीच. “झाले तेवढे पुरे. चहा टाका.”

जोडताना आम्ही आमचा आवाज कापायला सांगितला. अम्मीने ऐकले नाही. पूर्ण पाठ काढा म्हणाली, पण ते ‘मुलांनो’ राहू दे. डिसेंबरात खालाच्या नातीची मेहंदी झाली, तेव्हा हे गाणे लावले. नानी दुसरे कडवे संपवून तिसऱ्याला लागली की घरातली सगळी पोरे श्वास रोखून थांबतात, आणि खट्ट वाजले की आमच्याकडे बोट दाखवून एका सुरात ओरडतात, “मुलांनो!”