कागदावर टिकलेलं वय

दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल नावाच्या गावात १८७६ साली जनगणनेचा माणूस एका घरी गेला. नाव बांधणाऱ्या सुताराचं ते घर. घरातल्या माणसांच्या यादीत त्याने एक वर्षाची एक मुलगी लिहिली आणि पुढच्या दारी गेला. त्या प्रगणकाचं नाव कुठे आलेलं नाही, पण मला तो फार जवळचा वाटतो. मराठवाड्यातल्या गंगाखेडच्या गल्ल्यांतून मीही हेच काम केलं आहे.

ती मुलगी म्हणजे जान काल्मां. जन्म २१ फेब्रुवारी १८७५, मृत्यू ४ ऑगस्ट १९९७. १२२ वर्षं आणि १६४ दिवस. कागदपत्रांनी सिद्ध झालेलं इतकं आयुष्य आजवर दुसऱ्या कोणाच्याही नावावर नाही. तिचं लग्न १८९६ साली नात्यातल्याच फेर्नां काल्मांशी झालं. त्याचं कापडाचं मोठं दुकान होतं, त्यामुळे पोटासाठी राबायची वेळ तिच्यावर कधी आली नाही. टेनिस, पोहणं, सायकल, शिकार, पियानो असं तिचं चाललेलं असे. पंच्याऐंशीव्या वर्षी ती तलवारबाजी शिकायला गेली. शंभरीपर्यंत सायकल चालवत होती. ऑलिव्हचं तेल, चॉकलेट आणि दिवसाला एखाद-दुसरी सिगारेट, एवढंच तिच्याबद्दल लोकांच्या लक्षात राहतं.

मला मात्र तिच्या घरातली माणसं आठवतात. एकुलती एक मुलगी इव्हॉन १९३४ साली तिच्या छत्तिसाव्या वाढदिवशीच गेली. नवरा १९४२ मध्ये गेला. सात वर्षांच्या नातवाला आजीने वाढवलं, तो डॉक्टर झाला आणि १९६३ साली अपघातात वारला. जावईही त्याच वर्षी गेला. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी या बाईचा वंश संपला होता. दोन वर्षांनी तिने आपलं राहतं घर राफ्रे नावाच्या वकिलाला दिलं. ती जिवंत असेतोवर त्याने दरमहा अडीच हजार फ्रँक द्यायचे आणि तिच्यामागे घर त्याचं, असा करार झाला. तो सत्तेचाळीस वर्षांचा, ती नव्वदीची. तीस वर्षं पैसे भरून १९९५ मध्ये तोच आधी गेला आणि मग त्याची बायको हप्ते भरत राहिली. ही गोष्ट सगळीकडे हसत सांगतात. मला हसू येत नाही. ज्या घराला वारस उरला नाही, त्याचा सौदा होता तो.

तिच्या वयाची शहानिशा करणाऱ्या मिशेल अलार आणि झाँ-मारी रोबीन या संशोधकांनी तिच्या शब्दावर विसंबून काही मानलं नाही. जन्माची नोंद, बाप्तिस्मा, लग्न, जनगणनेच्या एकामागून एक याद्या असं सगळं त्यांनी जुळवून पाहिलं. घरातली माणसं, शिक्षक, शेजारी यांच्याबद्दल तिला प्रश्न विचारले आणि उत्तरं दप्तराशी ताडून बघितली. फ्रान्समध्ये १७९२ पासून जन्ममृत्यूची सरकारी नोंद आहे, म्हणून हे जमलं.

आता आमच्याकडे या. २०११ च्या जनगणनेत नदीकडच्या एका घरी सून म्हणाली, "सासूबाईंचं शंभर लिहा बाई, वरच असतील." सासूबाई ओसरीवर दुधात भाकर कुस्करत बसल्या होत्या. त्यांनाच विचारलं.

"आजी, लग्न झालं तेव्हा केवढ्या होता?"

"परकरात व्हते की माय."

"रझाकाराच्या वेळी?"

"थोरला मांडीवर व्हता. त्याच्या आधीची दोन गेली."

"मानमोडीची साथ आठवते?"

"त्यात माजा भाऊ गेला म्हनं. म्या नव्हते तवा."

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. आजींचा जन्म त्यानंतरचा, म्हणजे काही केलं तरी वय त्र्याण्णवच्या पुढे जात नव्हतं. रझाकारी मोडणारी पोलीस अॅक्शन सप्टेंबर १९४८ ची. तोवर तिसरं मूल मांडीवर, म्हणजे तेव्हा त्या विशीच्या आसपास असणार. मी त्र्याऐंशी लिहिलं. सून हिरमुसली, आजींना काहीच फरक पडला नाही.

वय माहीत नसेल तर गावाला ठाऊक असलेल्या घटनांवरून ते काढायचं, हे प्रगणकाला शिकवलेलंच असतं. आमच्या भागात रझाकारी, बहात्तरचा दुष्काळ आणि किल्लारीचा भूकंप या त्या खुणा. कोणी सांगतं, दुष्काळात सुकडी खाल्ली तेव्हा मी चौथीत होतो. शाळेत गेलेल्यांची तऱ्हा वेगळी. गुरुजींनी सरसकट १ जून टाकलेला असतो. आधार कार्डावर कितीतरी म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारी. ज्या मुली शाळेतच गेल्या नाहीत, त्यांच्या वयाला तेवढाही कागद नाही. मग साठ, सत्तर, ऐंशी असे शून्याने संपणारे आकडे लिहिले जातात आणि एखादी आजी बघता बघता शंभराची होते. आमच्या गावाची ओळख ज्या संत जनाबाईमुळे, तिच्याही जन्माची नोंद नाही. तिच्या काळी ती असणं शक्यच नव्हतं. पण जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा देशभरासाठी झाला तोच १९६९ साली. त्याआधी मराठवाड्याच्या खेड्यांत जन्मलेल्या लाखो बायकांपैकी एखादी खरंच एकशेदहा वर्षं जगली असेल, तर तिचं ते आयुष्य कोणाला दाखवून देता येणार नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शंका घ्यायची ती माणसाचा मान राखूनच, असं मला वाटतं. काल्मांवरही ती घेतली गेली. १९३४ मध्ये मरण पावली ती आईच होती आणि वारसाकर चुकवण्यासाठी मुलीने तिचं नाव लावलं, असा दावा २०१८ मध्ये रशियातल्या दोघांनी केला. रोबीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तो खोडून काढला, तोही पुन्हा दप्तरं उघडूनच. इव्हॉन मरणाआधी कित्येक वर्षं आजारी होती, याचे कागद होते. एका गृहिणीच्या खरेपणासाठी शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनांची अक्षरं साक्षीला उभी राहिली.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि या वेळी नोंदी मोबाइलवर होतील. आमच्या शाळांतल्या तरुण शिक्षिका प्रगणक म्हणून निघतील. त्यांना माझं सांगणं एवढंच, की म्हातारीचं वय लेकाला किंवा सुनेला विचारून पुढे जाऊ नका. तिच्याजवळ बसा. थोरलं लेकरू कधीचं, त्याआधीची किती गेली, माहेरी काय ऐकलं होतं ते विचारा, आणि मगच आकडा भरा.