पाणी शोधलं, पाण्याचा पत्ता नाही

लेखांक 9

शोधाच्या निकालांच्या क्रमवारीबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या वेळी. एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे, आणि त्यांची अडचण सोडवल्याशिवाय क्रमवारीला हात घालण्यात अर्थ नाही.

गेल्या वेळची सूची, म्हणजे कुठला शब्द कुठल्या नोंदीत येतो याची संगणकानं केलेली यादी, त्यांनी आपल्या भटकंती मंडळाच्या नोंदींवर चालवून पाहिली. वीस वर्षांत अनेकांनी लिहिलेल्या नोंदी, प्रत्येकीच्या डोक्यावर गडाचं नाव. मे महिन्यात साल्हेरला जायचं म्हणून त्यांनी 'साल्हेर' आणि 'पाणी' हे दोन शब्द दिले. एकच नोंद आली: पाणी सोबत न्यावं. मग त्यांनी साल्हेरच्या सगळ्या नोंदी डोळ्यांखालून घातल्या. कुणी 'पाण्याचं टाकं' लिहिलं होतं, कुणी 'पाण्यात शेवाळ', कुणी 'पाण्यापर्यंत जाणारी वाट'. त्या विचारतात, 'हे सगळं पाणीच ना? मग सूचीला ते दिसत का नाही?'

प्रश्न अगदी वर्मावरचा आहे. 1567 मीटर उंचीच्या गडावर, भर उन्हाळ्यात, कुठलं टाकं पिण्याजोगं हे माहीत असणं फार मोलाचं. ते कुणीतरी लिहून ठेवलं आहे आणि तरीही सापडत नाही, हे मला मनापासून बोचतं.

कारण आपल्या शाळेच्या व्याकरणात आहे: सामान्यरूप. शोधणारा माणूस कोशातला शब्द टाइप करतो, 'पाणी'. लिहिणारा मात्र वाक्य लिहितो, आणि वाक्यात शब्द विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय घेऊन येतो. त्याआधी त्याचं रूपही बदलतं, तेच सामान्यरूप. हिंदीत 'पानी का' लिहिताना 'पानी' सुटाच राहतो. आपण 'पाण्याचा' असं जोडून लिहितो. सूचीच्या लेखी 'पाणी' आणि 'पाण्याचा' हे 'आंबा' आणि 'डोंगर' यांच्याइतकेच परके.

हा फरक किती पडतो हे मोजलेलं आहे. भारतीय भाषांमधल्या शोधाची पारख करण्यासाठी 2008 साली 'फायर' हा उपक्रम सुरू झाला. त्यासाठी मराठी वर्तमानपत्रांतल्या बातम्यांचाही संग्रह केला गेला. त्यावर दोलामिच आणि सावॉय या स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी प्रयोग केले आणि 2010 मध्ये निष्कर्ष छापले. शब्दांची शेपटं, म्हणजे प्रत्यय, नीट छाटून सूची केली, तर शोधाचा दर्जा बंगालीत सुमारे 18 टक्के, हिंदीत 28 टक्के आणि मराठीत तब्बल 42 टक्के सुधारला. मराठीचा आकडा सर्वांत मोठा निघाला याचं मला नवल वाटलं नाही. जी भाषा शब्दाला इतकं काही जोडून लिहिते, तिला छाटणीचा लाभही तितकाच मोठा.

त्यांनी आणखी एक सोपी युक्ती तपासली होती. व्याकरण बाजूला ठेवायचं आणि प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं तेवढी धरायची. तीही कसून केलेल्या छाटणीच्या जवळपास पोचली. मी ती नोंदींतल्या शब्दांवर करून पाहिली, संगणक मोजतो तशी चिन्हं मोजून. 'पाणी' म्हणजे प, काना, ण, वेलांटी. 'पाण्याचा'मधली पहिली चार म्हणजे प, काना, ण आणि पाय मोडल्याची खूण. चौथ्यालाच फाटा फुटला. तीन धरली तर दोन्ही जुळतात, शिवाय पाणवठाही हाती लागतो, पण पाणिनीही येऊन बसतो. 'देऊळ' आणि 'देवळात' यांची तर पहिली दोनच चिन्हं सारखी. तेव्हा व्याकरणाला पर्याय नाही.

इंग्रजीसाठी शेपटं छाटायचे नियम मार्टिन पोर्टर यांनी 1980 साली प्रसिद्ध केले, आणि ते आजही वापरात आहेत. मराठीसाठी मी जे करतो ते असं. आधी शेवटून प्रत्यय सोलायचे, लांबलचक आधी, आखूड नंतर. 'टाक्यातल्यापेक्षा' घ्या. 'पेक्षा' काढला, 'तल्या' काढला, उरलं 'टाक्या'. मग शेवटचा स्वर किंवा 'या' उतरवायचा: टाक्या, टाके, टाकं, तिन्हींचं 'टाक'. पाणी आणि पाण्या, दोन्हींचं 'पाण'. मधला 'ऊ' असेल तर त्याचा 'व' करायचा, म्हणजे देऊळ आणि देवळा 'देवळ'वर भेटतात, पाऊस आणि पावसा 'पावस'वर. शेवटच्या अक्षराआधीची वेलांटी किंवा उकार ऱ्हस्व करायचा, म्हणजे विहीर आणि विहिरी 'विहिर'वर येतात. 'पाण' किंवा 'देवळ' हे शब्द नव्हेत, त्या किल्ल्या आहेत. त्या सूचीत राहतात, वाचणाऱ्याला दिसत नाहीत. मूळ नोंदीतल्या एका वेलांटीलाही हात लावायचा नाही.

आता धोका. 'सरोवर'मधला 'वर' प्रत्यय समजून सोलला तर उरतं 'सरो'. 'किल्ला'मधला 'ला' गेला तर 'किल्'. 'बंगला'चा 'बंग'. इथेही सामान्यरूपच मदतीला येतं. प्रत्ययाआधी मराठी नाम सहसा नुसता काना, नुसती मात्रा, दीर्घ वेलांटी किंवा ऊकार घेऊन उभं असतं: गडाला, वाटेवर, दरीत. 'बंग', 'सरो', 'किल्' यांतलं एकही तसं दिसत नाही, म्हणून सोलायचं नाही. 'माची' मात्र या परीक्षेतून निसटते, कारण 'ची' काढल्यावर 'मा' उरतो आणि त्याला काना आहे. राजगडाच्या तिन्ही माच्या अशा एका फटक्यात नाहीशा होतात. म्हणून दुसरी अट: उरलेला भाग निदान तीन चिन्हांचा हवा. काही विशेषनामं तर सामान्यरूपाला जुमानतच नाहीत. आपण 'नाशिकला' म्हणतो, 'साल्हेरला' म्हणतो. गडांची आणि गावांची यादी वेगळी द्यावीच लागते.

आणि आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट, ऱ्य. 'दऱ्या' म्हणजे 'दरी'चं अनेकवचन, 'दर्या' म्हणजे समुद्र. आचारी असेल तर 'आचाऱ्यांना', आचार्य असतील तर 'आचार्यांना'. हा चंद्रकोरीसारखा अर्धा र टाइप करायच्या दोन रीती आहेत. एकीत खाली टिंब असलेला ऱ वापरतात, दुसरीत साधा र, मोडलेला पाय आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, आत वेगळे. एका रीतीनं शोधलं तर दुसऱ्या रीतीनं लिहिलेलं सापडत नाही. त्यात सूची करण्याआधी अदृश्य चिन्हं झाडून टाकायची अनेक प्रणालींना सवय असते. ती झाडली की दुसऱ्या रीतीनं लिहिलेल्या साऱ्या दऱ्यांचा समुद्र होतो.

म्हणून झाडलोटीच्या आधी दुसरी रीत पहिलीत बदलून घ्यायची. याचा आणखी एक लाभ आहे. 'री'च्या जागी 'या'चं रूप येतं तेव्हा ते नेहमी ऱ्या असतं, रफाराचा र्या कधीच नाही. तेव्हा 'र'च्या बाबतीत 'या' उतरवायचा तो फक्त ऱ्यामधून. दऱ्या दरीपाशी पोचतात, दर्या आपल्या जागी राहतो. लिहिणाऱ्यानं निगुतीनं उमटवलेली ती छोटी कोर सूचीला व्याकरण सांगत असते. ती पुसायची नाही.

पत्रातल्या भगिनींना हे नियम मी मंगळवारी पाठवले. त्यांचं उत्तर आलं आहे: साल्हेर आणि पाणी दिल्यावर आता टाक्याच्या नोंदी येतात, शेवाळाची येते, वाटेचीही येते. पण 'पाणी सोबत न्यावं' ही जुनी नोंद अजून सर्वांत वर आहे, आणि कुठलं टाकं पिण्याजोगं हे सांगणारी पार तळाला. पुढच्या आठवड्यात तिला वर आणायचं आहे. तोवर तुमच्या भागातले 'माची'सारखे, प्रत्ययाचा भास करणारे शब्द मला लिहून पाठवा. यादी वाढवायची आहे.